शून्याचे दोन अर्थ : अँडरसन मॅकेन्ड्रिक यांच्या संशोधनाचे एक परीक्षण

१

उष्ण प्रदेशांतील सांसर्गिक रोगांवरील उपचारांचे मूल्यमापन करताना संख्याशास्त्रज्ञापुढे जी अडचण सर्वांत आधी उभी राहते ती रोग्यांच्या मोजणीची नसून नीरोगी राहिलेल्यांच्या मोजणीची असते. साथ येऊन गेल्यावर आजारी किती पडले आणि दगावले किती, हे कमीअधिक अचूकपणे सांगता येते. परंतु जे आजारी पडले नाहीत ते कशामुळे बचावले? रोग त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि लशीने, औषधाने अथवा अंगच्या प्रतिकारशक्तीने तो परतवला गेला, की रोग त्यांच्या दारापर्यंत आलाच नाही? नोंदवहीत दोहोंपुढे एकच आकडा पडतो आणि तो म्हणजे शून्य. पण या दोन शून्यांचा अर्थ एक नाही. पहिले शून्य उपचाराच्या बाजूने साक्ष देते. दुसरे कोणाच्याच बाजूने देत नाही.

लेफ्टनंट कर्नल अँडरसन ग्रे मॅकेन्ड्रिक (१८७६–१९४३) यांच्या संशोधनाकडे या प्रश्नाच्या दृष्टीने अद्याप पुरेसे पाहिले गेलेले नाही. त्यांचे नाव आज मुख्यतः १९२७ च्या एका निबंधामुळे घेतले जाते. विल्यम ओगिल्व्ही केर्मॅक यांच्या सहकार्याने लिहिलेल्या त्या निबंधातील समीकरणे २०२० च्या कोविड साथीत जगभर वापरली गेली. या ख्यातीमुळे त्यांच्या कार्याचा तोल मात्र थोडा ढळला आहे. हिमालयातील कसौली येथे पिसाळलेल्या जनावरांच्या दंशावरील उपचारांत त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि त्याच उपचारांच्या जागतिक आकडेवारीची छाननी त्यांनी उतारवयापर्यंत चालविली. ही बाजू तळटीपांत गेली आहे. पटकी, अलर्क आणि प्लेग या तीन रोगांसंबंधीचे त्यांचे काम एकत्र ठेवून पाहिल्यास असे दिसते की तिन्हींच्या मुळाशी शून्याचा अर्थ लावण्याचाच प्रश्न होता. पहिल्या ठिकाणी त्यांनी तो अपूर्व रीतीने सोडविला. दुसऱ्या ठिकाणी तो सुटण्याजोगा नाही हे ओळखून त्याला कुंपण घातले. आणि तिसऱ्या, म्हणजे सर्वांत प्रसिद्ध ठिकाणी, तो समीकरणाच्या प्रचलांत दडून राहिला. प्रस्तुत परीक्षणाचा विषय एवढाच आहे.

२

मॅकेन्ड्रिक हे पेशाने वैद्य. वडील जॉन ग्रे मॅकेन्ड्रिक ग्लासगो विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि तेथूनच १९०० मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन अँडरसन हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १९०१ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्या सिएरा लिओनमधील हिवतापविरोधी मोहिमेत त्यांना भाग घेता आला. डासामार्फत हिवताप पसरतो हे सिद्ध केल्यानंतर रॉस यांचे लक्ष एका पुढच्या प्रश्नाकडे वळले होते : डासांची संख्या किती खाली आणली असता रोग आपोआप मावळेल? हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाने सुटणारा नव्हता; त्याला गणित हवे होते. रॉस यांच्या या प्रेरणेने मॅकेन्ड्रिक गणिताकडे वळले. त्यांचे हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात झाले नाही. नोकरी सांभाळून, स्वाध्यायाने त्यांनी ते मिळविले.

कसौली येथे १९०० मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाली होती. तत्पूर्वी हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायाला पिसाळलेले कुत्रे चावले तर त्याला उपचारासाठी पॅरिसला धाडावे लागे. इतरेजनांना तीही सोय नव्हती. मॅकेन्ड्रिक या डोंगरी गावात आले आणि पुढे १९१४ पासून या संस्थेचे संचालक झाले. १९११ मध्ये त्यांनी एम्. केशव पै यांच्यासमवेत सूक्ष्मजीवांच्या वाढीच्या वेगावर एक निबंध प्रसिद्ध केला. अन्नाचा साठा जसा आटतो तशी जंतूंची वाढ मंदावते, या साध्या कल्पनेला त्यात समीकरणाचे रूप दिले आहे. १९१४ मध्ये लंडनच्या गणितीय संस्थेच्या कार्यवृत्तात त्यांचा संभाव्यतेविषयीचा निबंध आला. १९२० मध्ये आतड्यांच्या एका चिवट उष्णकटिबंधीय विकाराने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. त्यानंतर १९४१ पर्यंत ते एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे अधीक्षक होते.

या चरित्रातून एक गोष्ट ध्यानात येते. मॅकेन्ड्रिक यांचे गणित रोगाच्या अनुभवातून आले होते. गणितात ज्याला ‘घटना’ म्हणतात ती त्यांच्या लेखी कसौलीच्या व्हरांड्यात बसलेला, पायाला चिंधी बांधलेला माणूस होती. त्यांच्या सामर्थ्याचे मूळ येथे आहे. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, हा अनुभव जेथे दूर गेला तेथे त्यांची मर्यादाही उघडी पडली.

३

१९२६ मध्ये एडिंबरोच्या गणितीय संस्थेच्या कार्यवृत्तात मॅकेन्ड्रिक यांनी वैद्यकीय प्रश्नांना गणित कसे लावावे याविषयी एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात हिंदुस्थानातील एका खेड्यात आलेल्या पटकीच्या साथीचे उदाहरण आहे. गावात घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नव्हता. ३२ घरांत प्रत्येकी एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार रोगी होते. एकूण रोगी ८६.

रोग गावभर सारखाच पसरला आणि कोणत्या घरावर तो उतरेल हे केवळ योगायोगावर होते असे मानले, तर घरोघरच्या रोग्यांची संख्या प्वासाँच्या वितरणाप्रमाणे पडली पाहिजे. ८६ रोगी २२३ घरांत या नियमाने वाटले असता सुमारे १५२ घरे रोगमुक्त, ५८ घरांत एक रोगी, ११ घरांत दोन, आणि तीन किंवा अधिक रोगी असलेले घर फार तर एखाददुसरे, असे उत्तर येते. प्रत्यक्षात एकेक रोगी असलेली घरे अपेक्षेच्या जवळजवळ निम्मी आहेत, आणि तीन-तीन रोग्यांची घरे चौपट. सामान्य संशोधकाने येथे ‘वितरण लागू पडत नाही’ एवढा शेरा मारून पान उलटले असते.

मॅकेन्ड्रिक यांनी वेगळा विचार केला. १६८ रोगमुक्त घरांत दोन प्रकारची घरे मिसळलेली असावीत, असे त्यांनी गृहीत धरले : ज्यांच्यापर्यंत रोगाचे कारण पोहोचूनही योगायोगाने कोणी आजारी पडले नाही अशी काही, आणि ज्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही अशी उरलेली. मग शून्यांचा आकडा संशयास्पद ठरतो. त्यावर विसंबून चालत नाही. तेव्हा शून्यांना बाजूला ठेवून उरलेल्या घरांवरूनच हिशेब करावयाचा. यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती अतिशय सोपी आहे. प्वासाँच्या वितरणात रोग्यांच्या संख्येची बेरीज ही घरांची संख्या गुणिले सरासरी एवढी असते. आणि प्रत्येक घरातील रोगीसंख्येला तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज केली, तर ती घरांची संख्या गुणिले सरासरीचा वर्ग एवढी भरते. या दोन्ही बेरजांत शून्य रोगी असलेले घर काहीच भर घालत नाही. म्हणून शून्ये किती हे ठाऊक नसले तरी त्या करता येतात. पहिली बेरीज ८६, दुसरी ८०. भागाकार केल्यास सरासरी ०.९३ येते, आणि रोगाच्या टप्प्यात आलेली घरे सुमारे ९३.

या ९३ घरांवर प्वासाँचा नियम लावला की रोगमुक्त ३७, एक रोगी असलेली ३४, दोन असलेली १६, तीन असलेली ५ आणि चार असलेले १ अशी विभागणी मिळते. प्रत्यक्षातील ३२, १६, ६, १ यांच्याशी ती इतकी जुळते की अधिक काही मागवत नाही. याचा अर्थ असा की १६८ रोगमुक्त घरांपैकी ३७ घरे खऱ्या अर्थाने बचावली. राहिलेली १३१ घरे बचावली नव्हती, ती रणांगणावर नव्हतीच. मॅकेन्ड्रिक यांनी यावरून अनुमान काढले की रोग पाण्यातून आला असावा, गावात अनेक विहिरी असाव्यात, आणि या ९३ घरांचे पाणी एकाच दूषित विहिरीचे असावे. स्थानिक तपासात एक विशिष्ट विहीर खरोखरच अत्यंत दूषित आढळली, अशी नोंद त्यांनी केली आहे.

अपुऱ्या माहितीतील लपलेला भाग अनुमानाने भरून काढण्याच्या ज्या पद्धतीला १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी व्यापक रूप दिले, तिची एक आद्य खूण या उदाहरणात पाहावयास मिळते, हे मेंग यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले आहे. हा गौरव यथार्थ आहे. तथापि त्यामुळे एका बारीक गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. गर्दी करून आलेले रोगी नेहमी विहिरीकडेच बोट दाखवितात असे नाही. एका घरात एक रोगी पडला की त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना रोग होतो. त्यामुळेही तीन-तीन, चार-चार रोग्यांची घरे वाढतात. शिवाय घराघरांच्या धोक्यात उच्चनीचता असेल तर ग्रीनवुड आणि यूल यांनी १९२० मध्ये मांडलेले वितरणही येथे लावता येते. स्थूल हिशेबाने ते १६४, ४१, १२, ४, १ अशी विभागणी देते. मॅकेन्ड्रिक यांच्या विभागणीइतकी ती चपखल नाही, पण टाकाऊही नाही. केवळ आकड्यांच्या बळावर दोन स्पष्टीकरणांतील एक कायमचे निकालात काढता येत नाही. निकाल लागला तो विहिरीच्या काठावर. मॅकेन्ड्रिक यांचे श्रेय याने कमी होत नाही, उलट त्याचे स्वरूप स्पष्ट होते. विहीर शोधावी हे गणिताने सुचविले. विहीर दूषित आहे हे पाहणीने ठरविले. या दोन कामांची जागा त्यांनी अदलाबदल होऊ दिली नाही.

४

जे पटकीच्या बाबतीत साधले ते अलर्क रोगाच्या बाबतीत साधण्याजोगे नव्हते, आणि त्याची कारणे गणितीच आहेत.

पाश्चर यांनी १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचल्यापासून जगभरच्या पाश्चर संस्था एकच आकडा अभिमानाने प्रसिद्ध करीत आल्या : उपचार घेतलेल्यांपैकी फारच थोडे दगावले. परंतु उपचारासाठी येणाऱ्या जथ्यात कोणकोण असत? ज्याला चावलेले कुत्रे पिसाळलेले नव्हतेच असा मनुष्य. ज्याला पिसाळलेलेच कुत्रे चावले, पण कपड्यावरून दात लागल्यामुळे विष आत गेले नाही असा. आणि ज्याच्या शरीरात विष खरोखर शिरले असा. उपचाराची परीक्षा केवळ तिसऱ्याच्या बाबतीत होते. पहिले दोघे उपचाराविनाही वाचले असते. समजा, हजार जणांना लस टोचली आणि पाच दगावले. त्या हजारांत खरे संसर्गित दोनशे असतील तर लशीने एकशे पंचाण्णव जणांना मृत्यूच्या दाढेतून ओढून काढले असे होते. खरे संसर्गित पाचच असतील तर लशीने एकालाही वाचविले नाही. दोन्ही प्रसंगी वार्षिक अहवालातील आकडा तोच राहील.

येथे विहिरीची युक्ती का चालत नाही? पटकीत घर हे एकक होते आणि एका घरात एक, दोन, तीन, चार रोगी पडू शकत होते. या चढत्या पायऱ्यांच्या आकारावरून लपलेल्या शून्यांचा अंदाज बांधता आला. अलर्करोगात एकक म्हणजे माणूस आणि माणूस एकदाच मरतो. नोंद एक तरी असते किंवा शून्य तरी. पायऱ्याच नसल्यामुळे शून्याच्या पोटात काय आहे हे उरलेल्या आकड्यांवरून ओळखण्याचा मार्ग बंद होतो. आणि उपचार न देता एक गट तुलनेसाठी बाजूला ठेवावा, तर ज्या रोगात लक्षणे दिसल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ आहे तेथे हा विचारही करवत नाही.

१९२७ मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे अलर्कविषयक परिषद भरली. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील पाश्चर संस्थांच्या अहवालांचे एकत्र विश्लेषण करण्याचे काम मॅकेन्ड्रिक यांच्याकडे आले आणि १९४० च्या सुमारास नववे समालोचन प्रसिद्ध होईपर्यंत ते त्यांनी नेटाने केले. या समालोचनांत चमकदार असे काहीच नाही, आणि म्हणूनच ती वाचली जात नाहीत. परंतु त्यांतील शिस्त पाहण्यासारखी आहे. एकूण मृत्युप्रमाणाच्या एका आकड्याऐवजी त्यांनी रोग्यांची वर्गवारी केली : दंश डोक्याला, हाताला की पायाला, जखम खोल की वरवरची, चावणारे जनावर कुत्रे की लांडगा, दंशानंतर उपचार किती दिवसांनी सुरू झाले, लस कोणत्या पद्धतीची. सदृश रोग्यांचीच तुलना सदृश रोग्यांशी करावयाची, हा त्यामागील दंडक. लपलेले शून्य उघड करता येत नसेल तर निदान ते दोन्ही बाजूंना सारखेच लपलेले राहील, अशी ही व्यवस्था होती. शिवाय लशीमुळे उद्भवणाऱ्या पक्षाघाताचीही मोजणी त्यांनी केली. उपचाराच्या बाजूला जसे यश मांडावयाचे तसा अपकारही मांडावयाचा, हा संख्याशास्त्रीय प्रामाणिकपणा आहे.

या प्रश्नाचे महत्त्व किती होते याची कल्पना पुढील हकीकतीवरून येईल. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथेच १९११ मध्ये सिद्ध केलेली मेंढीच्या मेंदूपासूनची लस भारतात सुमारे नव्वद वर्षे वापरात होती. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ म्हणून महाराष्ट्रातील दोनतीन पिढ्यांनी धास्ती घेतली ती हीच. तिचे उत्पादन २००५ च्या सुमारास बंद झाले. एवढ्या दीर्घ काळात तिने नेमके किती जीव वाचविले, या प्रश्नाला आकड्यांनी निर्णायक उत्तर देता आले नाही. याला संख्याशास्त्रज्ञांचा आळस कारण नव्हता. ज्या तऱ्हेने आकडे गोळा होत होते त्यांत उत्तर नव्हतेच.

उत्तर कोठे असते हे १९५४ मध्ये इराणमधील एका घटनेने दाखविले. एका पिसाळलेल्या लांडग्याने एकाच हल्ल्यात २९ जणांना जखमी केले. डोक्याला जखमा झालेल्या १८ जणांपैकी पाच जणांना केवळ लस मिळाली. त्यांतील तिघे दगावले. तेरा जणांना लशीबरोबर प्रतिरक्षी रक्तद्रव मिळाले. त्यांपैकी एकच दगावला. बाल्ताझार आणि बहमन्यार यांनी हे निरीक्षण १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. केवळ योगायोगाने रक्तद्रवाच्या बाजूने एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची संभाव्यता शंभरात चार-पाच एवढीच भरते. ही संख्या फार लहान आहे, आणि एकट्या तिच्यावर सिद्धांत उभारणे धाडसाचे ठरेल. तरीही जगभरच्या संस्थांच्या गठ्ठ्यांतून जे निघाले नव्हते ते अठरा माणसांवरून का दिसू लागले? कारण जनावर एक, दिवस एक, जखमेची जागा एक आणि जनावर पिसाळलेले असल्याबद्दल शंका नाही. येथे शून्याला एकच अर्थ उरला होता. मॅकेन्ड्रिक यांच्या वर्गवारीचा मूळ हेतू हाच होता. त्यांना मिळालेल्या सामग्रीत तो सफल होणे शक्य नव्हते.

५

आता त्या प्रसिद्ध निबंधाकडे वळावयास हवे. केर्मॅक हे जीवरसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. या दोघांनी १९२७ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात साथीचा गणिती सिद्धांत मांडला. साथ ओसरते ती रोगाचे विष सौम्य झाल्यामुळे किंवा रोगप्रवण माणसे संपून गेल्यामुळे, असा तोवर समज होता. दोन्ही कारणांवाचून साथ ओसरू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. रोगप्रवण माणसांची दाटी एका विशिष्ट मर्यादेखाली गेली की प्रत्येक रोग्यामागे नवा रोगी एकाहून कमी निर्माण होतो आणि अनेक माणसे अस्पर्शित राहूनही साथ विझते. या उंबरठ्याच्या सिद्धांताचे मोल वादातीत आहे. सर्वांना लस टोचली नाही तरी साथ थोपविता येते, या आधुनिक विचाराची बैठक तेथे आहे.

सिद्धांताच्या पडताळ्यासाठी त्यांनी निवडला तो मुंबईचा प्लेग. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील आठवडेवार मृत्यूंच्या आकड्यांवर त्यांनी घंटेच्या आकाराचा एक सममित वक्र बसविला. त्याची उंची आठवड्याला ८९० मृत्यू, शिखर सतराव्या आठवड्याला, म्हणजे एप्रिलच्या मध्यास. निरीक्षित बिंदू आणि वक्र यांची जुळणी डोळ्यांत भरण्यासारखी आहे, आणि शंभर वर्षे होत आली तरी पाठ्यपुस्तकांतून हे चित्र पुनःपुन्हा छापले जाते.

या वक्रातील आकडे थोडे उलगडून पाहिले पाहिजेत. त्याखालील एकूण मृत्यू भरतात ८,९००. आरंभी साथीची वाढ दर आठवड्याला ०.४ या दराने, म्हणजे सुमारे दीडपट. मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख ७६ हजार आणि १९११ मध्ये सुमारे ९ लाख ७९ हजार होती. मधल्या काळासाठी नऊ लाख धरले आणि ती सर्व माणसे रोगप्रवण मानली, तर साथीने त्यांच्यापैकी शेकडा एकालाच गाठले असे होते. याच सिद्धांताच्या स्थूल सूत्रानुसार, लहान साथीत बळी पडणाऱ्यांचे प्रमाण हे प्रत्येक रोग्यामागे निर्माण होणाऱ्या नव्या रोग्यांच्या एकावरील आधिक्याच्या दुप्पट असते. तेव्हा हे आधिक्य ०.००५ एवढे भरते. इतक्या सूक्ष्म आधिक्याने साथ आठवड्याला ०.४ या दराने वाढावयाची तर प्रत्येक रोगी संसर्गक्षम राहण्याचा काळ ०.००५ भागिले ०.४ आठवडे, म्हणजे अवघे दोन तास! हे उत्तर कोणताही वैद्य मान्य करणार नाही.

उलट बाजूने जाऊन संसर्गक्षम काळ एक आठवडा धरला, तर प्रत्येक रोग्यामागे नवे रोगी १.४ येतात आणि साथीच्या आरंभी रोगप्रवण माणसांची संख्या वीस हजारांच्या आसपास असावी लागते. मग नऊ लाखांपैकी उरलेली आठ लाख ऐंशी हजार माणसे कोण? ती विहिरीबाहेरची १३१ घरे होत. खेड्यातील २२३ घरांत जे शून्य मॅकेन्ड्रिक यांनी वर्षभरापूर्वीच वेगळे काढले होते, ते मुंबईच्या नऊ लाखांत वेगळे निघाले नाही. निघणेही शक्य नव्हते. वक्र तीन आकड्यांनी ठरतो, आणि अज्ञात गोष्टी चार : आरंभीचे रोगप्रवण, आरंभीचे रोगी, संसर्गाचा वेग आणि रोगमुक्तीचा वेग. तीन आकड्यांतून चार अज्ञाते निघत नाहीत. जुळणी सुंदर असली तरी ती या अज्ञातांविषयी मौन पाळते.

लेखकद्वयाला न्याय द्यावयाचा तर हे सांगितले पाहिजे की त्यांनी स्वतःच वाचकाला सावध केले आहे. माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब असतो, आणि सबंध काळात वेग स्थिर राहिले हे गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, हे निबंधात नमूद आहे. परळच्या प्रयोगशाळेत बसून प्लेग संशोधन आयोगाने उंदीर आणि पिसवा यांचा संबंध १९०५ नंतरच्या वर्षांत निर्विवाद केला होता. तेव्हा माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाची समीकरणे त्याला लावणे हे मुळातच रूपक होते. शिवाय मुंबईचा प्लेग वर्षामागून वर्षे त्याच ऋतूत उसळत होता आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बसत होता. रोगप्रवण माणसे कमी झाल्यामुळे साथ ओसरली, असे जे समीकरण सांगते ते खरे असते तर पुढच्या थंडीत ठरल्या वेळी ती पुन्हा कशी उठली असती? ऋतुमानाचा विचार केल्यावाचून मुंबईच्या आकड्यांचा उलगडा होत नाही, असे निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये सविस्तर मांडले आहे.

सावधगिरीची ही वाक्ये पुढच्या पिढ्यांनी गाळली आणि चित्र तेवढे ठेवले. हा केवळ पाठ्यपुस्तकांचा दोष म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण वक्राच्या अर्थावर उपाय अवलंबून असतात. प्लेग माणसाकडून माणसाकडे जातो असे मानले की रोगी शोधून वेगळे काढणे हाच मुख्य उपाय ठरतो. १८९७ मध्ये पुण्यात घरोघरच्या झडत्यांनी जो प्रक्षोभ माजला त्यामागे हीच समजूत होती. प्लेग उंदरांचा आहे असे कळले की उपाय बदलतो : धान्याची कोठारे, गटारे, अंधाऱ्या खोल्या आणि लस. दोन्ही उपायांत माणसांच्या सोसण्यामध्ये केवढे अंतर आहे, हे त्या काळच्या महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागले नसते.

६

मॅकेन्ड्रिक यांच्या तीन कामांचा हिशेब शेवटी असा मांडता येईल. पटकीच्या उदाहरणात आकडे थोडे होते, पण गाव हाताशी होते; अनुमान काढले, तपास झाला, विहीर सापडली. अलर्क रोगाच्या समालोचनांत आकडे प्रचंड होते, परंतु त्यांच्या मुळाशी कोणाला खरोखर धोका होता हे अज्ञात होते. तेथे त्यांनी संयम पाळला आणि यशाचा डंका पिटण्याचे नाकारले. मुंबईच्या वक्रात गणित सर्वांत प्रगल्भ आहे, आणि जमिनीशी नाते सर्वांत सैल. एडिंबरोच्या प्रयोगशाळेत वीस वर्षांपूर्वीच्या, पाच हजार मैलांवरच्या शहराचे आकडे समोर ठेवून विहीर शोधायला कोणाला पाठविता येणार होते?

त्यांच्या कीर्तीची प्रतवारी मात्र याच्या उलट लागली आहे : वक्र अग्रभागी, विहीर तज्ज्ञांच्या माहितीपुरती आणि अलर्काची समालोचने विस्मृतीत. उपचारांच्या संशोधनाला मार्गदर्शक म्हणून पाहिल्यास हा क्रम बदलावा लागेल. नव्या औषधाची परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकापुढे बरे झालेल्यांचा आणि आजारी न पडलेल्यांचा ढीग असतो. हिवतापाच्या प्रदेशात औषध घेतलेला मनुष्य पुन्हा तापला नाही, तर औषधाने त्याला राखले की त्या हंगामात त्याला डासच चावला नाही, हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे. आजच्या चाचण्यांत चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात ते याचसाठी. न चावलेल्या डासांचे शून्य दोन्हीकडे सारखे वाटले जावे, एवढाच त्याचा अर्थ.

चिठ्ठ्या टाकणे जेथे शक्य नसते तेथे मॅकेन्ड्रिक यांच्या त्या खेड्याकडे परत जावे लागते. १६८ घरांवर त्यांनी ‘नीरोगी’ असा एकच शिक्का मारला नाही. यांपैकी कोणत्या घरांनी त्या विहिरीचे पाणी प्यायले होते, हे आधी विचारले. हा प्रश्न विचारण्यासाठी लागणारे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. तो सुचण्यासाठी मात्र रोग पाहिलेला असावा लागतो.